इंदुरातल्या फ्लॅटमध्ये भाजी लावायची तर : आधी ऊन, मग माती, मग बी

इंदुरात दिवस पोह्यांनी उजाडतो. शेव असते, जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) असतं, कांदा चिरलेला असतो आणि नेमकी कोथिंबीर फ्रिजमधून काळी पडलेली निघते. आमच्या घरी गॅलरीतली लागवड सुरू झाली ती एवढ्या एका कारणाने. राजेंद्रनगरमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, बारा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद गॅलरी, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरची जाळी, एवढीच जागा. एवढ्यात कोथिंबीर, मेथी, पुदिना, मिरची, कढीपत्ता, गवती चहा आणि पावसाळ्यात वडीचा अळू घरचा निघतो. हिवाळ्यात थोडे टोमॅटोही होतात. कांदे, बटाटे, फ्लॉवर, दुधी यांच्या मागे मी लागत नाही. कुंडीत ती जागा फार घेतात आणि देतात थोडं.

नवीन माणूस आधी बियांची पाकिटं आणतो, मग कुंड्या, मग माती, आणि ऊन कुठे येतं ते सगळ्यात शेवटी बघतो. हा क्रम बरोबर उलटा करायचा.

ऊन मोजा

एखाद्या रविवारी सकाळी आठपासून दर तासाला गॅलरीत जाऊन बघा आणि जिथे ऊन पडलंय तिथे फरशीवर खडूने रेघ मारा. संध्याकाळपर्यंत तुमच्या गॅलरीचा नकाशा तयार होतो. मिरची, टोमॅटो, वांगं अशा फळभाज्यांना सहा तास थेट ऊन हवं. पालेभाज्यांचं तीन-चार तासांत भागतं. पुदिना, अळू, पानओवा यांना सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर नुसता उजेड असला तरी पुरतं.

मात्र एकदा मोजून थांबू नका, कारण इंदुरात उन्हाची जागा ऋतूप्रमाणे खूप सरकते. आपण कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहोत. ती रेषा उज्जैनच्या थोडी उत्तरेकडून जाते. म्हणून जूनमध्ये भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि डिसेंबरात दक्षिणेला कलून क्षितिजापासून साधारण ४४ अंशांवर येतो. दक्षिणेच्या गॅलरीवर वरच्या मजल्याचा स्लॅब असेल, तर जूनचं ऊन कठड्याशीच थांबतं आणि डिसेंबरचं थेट हॉलच्या दारापर्यंत येतं. अशा गॅलरीत टोमॅटो हिवाळ्यात फार छान होतो. पूर्वेची गॅलरी नवशिक्यासाठी सगळ्यात चांगली. पश्चिमेची असेल तर एप्रिल ते जूनमध्ये तीन वाजताचं ऊन पानं भाजून काढतं, तिथे निम्मी सावली देणारी हिरवी जाळी बांधावीच लागते. उत्तरेच्या गॅलरीत मिरचीचा हट्ट धरू नका, पुदिना आणि अळू लावा. ते तिथे मनापासून वाढतात.

कुंड्या आणि वजन

इथल्या नर्सरीत 'कुंडी' म्हटलं तर समोरचा बघत राहतो, 'गमला' म्हणावं लागतं. आकार पिकाप्रमाणे घ्या. कोथिंबीर आणि मेथीला सहा इंच खोली पुरे, पण तोंड रुंद हवं. जुना टब किंवा फळांचा प्लास्टिकचा क्रेट आत पोतं घालून वापरला तरी चालतो. पालकाला आठ इंच, मिरचीला दहा ते बारा, टोमॅटोला बारा ते पंधरा, कढीपत्त्याला सोळा इंची. बुडाला करंगळीएवढी चार-पाच भोकं हवीत. भोकांवर खापरीचा तुकडा आडवा ठेवा म्हणजे पाणी जाईल, माती जाणार नाही.

बारा इंची कुंडीत साधारण पंधरा लिटर मिश्रण बसतं. ते नुसत्या मातीचं असेल, तर पाणी घातल्यावर कुंडी पंचवीस किलोंपर्यंत जाते. अशा दहा कुंड्या म्हणजे अडीचशे किलो! म्हणून मिश्रण हलकं ठेवा, जड कुंड्या भिंतीच्या बाजूला मांडा, आणि कठड्याला अडकवायच्या कुंड्या नेहमी आतल्या अंगाला अडकवा. खाली लोकांची मुलं खेळत असतात.

माती : इथे घाई करू नका

पहिल्या वर्षी सांवेरकडच्या एका ओळखीच्या शेतातून मी दोन पोती काळी माती आणली. माळव्याची काळी माती, गहू-सोयाबीनची, तिच्यात काय उगवणार नाही असं वाटलं. मिरचीची सहा रोपं लावली. पावसाळ्यात कुंडीत पाणी तुंबून राहिलं, पानं पिवळी पडली, आणि ऑक्टोबरच्या उन्हात मातीला बोटभर भेगा गेल्या. एक कुंडी उपडी केली तर मातीचा गोळा विटेसारखा अख्खा बाहेर आला. मुळं त्याच्याभोवती, कुंडीच्या कडेकडेने गोल फिरली होती. आत एकही शिरलं नव्हतं.

कारण साधं आहे. काळ्या मातीतला चिकण भाग पाणी पिऊन फुगतो आणि सुकला की आक्रसतो. शेतात तिला खोली असते, भेगांमधून हवा जाते, नांगरट होते. कुंडीत यातलं काहीच नाही. म्हणून काळी माती वापराच, तिच्यात कस भरपूर आहे, पण पाच भागांत एक भागच.

माझं आताचं मिश्रण असं : एक भाग काळी माती, फोडून चाळलेली. एक भाग जाडसर वाळू. एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). दोन भाग घरचं कंपोस्ट किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत. शिवाय बारा इंची कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड (नर्सरीत 'नीम खली' मागा). वजनाची अडचण असेल तर वाळू निम्मी करून कोकोपीट वाढवा. पाच किलोंची कोकोपीटची वीट भिजून सत्तर लिटरच्या आसपास फुगते, म्हणून छोट्या बादलीत भिजवू नका. ते पाणी एकदा-दोनदा बदला; नारळाच्या काथ्यात बरेचदा क्षार असतात आणि कोवळी मुळं त्यांनी जळतात.

शेणखत पूर्ण कुजलेलं आहे का ते वासावरून कळतं. शेणाचा वास येत असेल तर अजून महिनाभर सावलीत राहू द्या. चांगल्या खताला पहिल्या पावसासारखा वास येतो.

मिश्रण जमलं की नाही हे मुठीत कळतं. ओलसर मिश्रण मुठीत दाबा. लाडू वळला पाहिजे आणि अंगठ्याने टोचला की सुटला पाहिजे. वळलाच नाही तर वाळू जास्त झाली, टोचूनही सुटला नाही तर माती. मग एक दिवस पाणी घालून तसंच राहू द्या आणि लागवड दुसऱ्या दिवशी करा.

खत : इंदूरची स्वतःची पद्धत

जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाणारी कंपोस्टची रीत आपल्याच गावात तयार झाली, हे इथल्याही पुष्कळांना माहीत नसतं. अल्बर्ट हॉवर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेचे संचालक होते. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख थरांनी रचून, ओलावा राखून, तीन वेळा उलथापालथ करून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ साली दोघांच्या नावाने त्यावर पुस्तकही निघालं. माळव्यातल्या शेतकऱ्यांचं जुनं शहाणपण आणि चीनमधल्या खताच्या रीती हॉवर्ड यांनी मन लावून अभ्यासल्या होत्या.

गॅलरीत शेण-गोमूत्र नको, पण त्या पद्धतीचं मर्म बादलीतही चालतं : ओलं आणि सुकं एकत्र, हवा खेळती, आणि वेळेवर उलथापालथ. इंदूरकरांना ओला-सुका कचरा वेगळा करायला आता शिकवावं लागत नाही. २०१७ पासून सवय अंगात मुरली आहे. कचरागाडीत टाकायचा तो ओला कचरा आपल्या बादलीत टाका, एवढाच फरक.

वीस लिटरच्या झाकणाच्या दोन बादल्या घ्या. बाजूंना आणि बुडाला तापलेल्या खिळ्याने वीस-पंचवीस भोकं पाडा. खाली ताट ठेवा. बुडाशी चार बोटं सुका पाला किंवा फाडलेली पुठ्ठ्याची खोकी. मग रोज भाज्यांची देठं-सालं, चहाचा धुतलेला चोथा, फुलांचं निर्माल्य बारीक करून टाका, आणि एक वाटी ओल्या कचऱ्यावर दोन वाट्या सुका पाला. सुरुवातीला मूठभर जुनं कंपोस्ट किंवा दोन चमचे आंबट ताक शिंपडलं की कुजायला वेग येतो. तेलकट उरलेलं अन्न आणि दूध-दही भरपूर असलेलं काही टाकू नका. लिंबाची सालं थोडी चालतात, पाच-सहा लिंबांची एकदम नको.

दर तीन-चार दिवसांनी खुरप्याने तळापर्यंत हलवा. वास आला तर पाणी जास्त झालंय, सुका पाला घाला आणि हलवा. मुंग्या लागल्या तर कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. करड्या रंगाच्या जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचरा खातात, झाडं खात नाहीत. पहिली बादली भरली की ती बाजूला ठेवून दुसरी सुरू करा. ती भरेपर्यंत पहिलीतलं खत काळं, भुसभुशीत झालेलं असतं. साधारण दोन ते अडीच महिने लागतात, थंडीत थोडे जास्त.

मोठा ढीग आतून चांगला तापतो, बादली तेवढी तापत नाही. म्हणून टाकलेल्या टोमॅटोच्या बिया मरत नाहीत आणि कंपोस्ट घातलेल्या प्रत्येक कुंडीत टोमॅटोची रोपं उगवतात. मी ती उपटत नाही. माझे सगळ्यात चिवट टोमॅटो असेच आलेत.

आता लावा

कोथिंबीर आधी, कारण तिथेच लोक हरतात. धण्याचा प्रत्येक दाणा म्हणजे दोन बियांचं जोडफळ असतं. अख्खा पेरला तर उगवण विरळ होते. पोळपाटावर धणे पसरून लाटणं हलक्या हाताने फिरवा. कुटायचे नाहीत, दोन फाकी व्हायला हव्यात. रात्रभर भिजवून सकाळी निथळा, सहा इंच खोल टबात फेकून पेरा आणि अर्धा इंच मातीने झाका. वर ओलं गोणपाट टाका आणि आठव्या दिवसापासून रोज उचलून बघा. पहिला हिरवा ठिपका दिसला की गोणपाट काढा. एक दिवस उशीर झाला तरी रोपं पिवळी आणि लांबट होतात. वाण्याकडचे धणे चालतात, पण ते नवे हवेत. जुने, डब्यात वर्ष काढलेले उगवत नाहीत.

पेरणी ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत, आणि सगळा टब एकदम नाही. दर पंधरा दिवसांनी एक टब. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत कोथिंबीर कापायला येते, म्हणजे चार टब फिरते ठेवले की रोजच्या पोह्यांची सोय झाली. बाहेरच्या काड्या आधी खुडा, मधला कोंभ राहू द्या. मार्चमध्ये ऊन तापलं की ती लगेच फुलावर जाते. त्या वेळी कितीही खत-पाणी घातलं तरी पानं वाढत नाहीत. उन्हाळ्यात पेरायचीच असेल तर उत्तरेच्या सावलीत, आणि पानं बोटभर झाली की कापून मोकळं व्हायचं.

मेथी अगदी सोपी आहे. दाणे रात्रभर भिजवून पेरले की चार दिवसांत उगवतात आणि पंचविसाव्या दिवशी भाजी होते. पालक दोन बोटं देठ ठेवून कापला तर तीन-चार वेळा फुटतो. लसणाच्या मोड आलेल्या पाकळ्या फेकू नका, टोक वर करून खोचा. महिनाभरात पात कापायला येते आणि भाकरीबरोबरच्या ठेच्यात ती हिरवी पात अप्रतिम लागते.

पुदिन्यासाठी मंडईतली जुडी पुरते. जाड काड्या निवडा, खालची पानं काढा, पेल्यातल्या पाण्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. याला नेहमी स्वतंत्र टब द्या, शेजारच्या झाडाच्या कुंडीत शिरला तर त्याला जगू देत नाही.

मिरचीचं बी ऑगस्टमध्ये किंवा जानेवारीच्या शेवटी वाटीत पेरा. पाच-सहा पानं आली की, म्हणजे महिना-सव्वा महिन्यात, संध्याकाळच्या वेळी कुंडीत हलवा. बारा इंचीत एकच रोप. फार वेळा बघितलंय : दोन लावली की दोन्ही अर्धीमुर्धी राहतात. पारा पस्तिशीच्या वर गेला की फुलं गळतात, तेव्हा खत वाढवू नका, सावली द्या. माळव्याची रात्र थंडावते, 'शब-ए-मालवा' म्हणतात ती उगाच नाही, आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर त्याच झाडाला पुन्हा फुलं लागतात.

टोमॅटो इंदुरात हिवाळ्याचं पीक समजा. रोप ऑगस्ट-सप्टेंबरात तयार करा, फळं डिसेंबर ते मार्च. बांबूची काठी लावतानाच रोवा, नंतर रोवली तर मुळं तुटतात. फूल आल्यावर सकाळी अकराच्या सुमारास झुबक्याला हलकी टिचकी मारा. गॅलरीत वारा आणि मधमाश्या कमी असतात, परागकण असे हातानेच पाडावे लागतात. फळाच्या बुडाला काळा चट्टा आला तर तो बहुतेक रोग नसतो. पाणी कधी खूप, कधी अजिबात नाही, असं झालं की झाडाला कॅल्शियम फळापर्यंत पोचवता येत नाही. पाणी नियमित केलं की पुढची फळं स्वच्छ येतात.

अळूसाठी मे महिन्यात भाजीवाल्याकडून डोळे फुटलेली अरबी आणून लावता येते, पण वडीसाठी काळ्या देठाचा अळू हवा, आणि त्याचा कंद ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडूनच मागून आणावा लागतो. इंदुरातल्या मराठी घरांत तो कुठे ना कुठे असतोच. आमचा सासूबाईंच्या माहेरून, रामबागेतून आला. सावली आणि भरपूर पाणी एवढंच तो मागतो. खाज येते ती पानांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, म्हणून चिंच हात राखून घालू नका आणि वडी पूर्ण उकडा.

कढीपत्ता नर्सरीतून फूटभर उंचीचा आणा. डिसेंबर-जानेवारीत तो पानं गाळतो आणि लोक घाबरून पाणी वाढवतात. त्याचा हा विसाव्याचा काळ आहे, पाणी उलट कमी करा. फेब्रुवारीच्या अखेरीला शेंडे छाटा, खत द्या. पानं ओरबाडू नका, पूर्ण काडी कात्रीने कापा, त्याच जागी दोन फुटतात.

पाणी, खत, कीड

आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, जलूदहून सत्तर किलोमीटरवरून, घाट चढून. ते झारीने मुळाशी घालावं, पाइपने उडवू नये. बोट एक इंच मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी. हिवाळ्यात दोन-तीन दिवसांतून एकदा पुरतं, मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ. मातीवर सुक्या पानांचा दोन बोटं थर घातला तर उन्हाळ्यात ओल निश्चित जास्त वेळ टिकते. बोरिंगचं पाणी असेल तर कुंडीच्या कडेला पांढरी खपली जमते. महिन्यातून एकदा एसीचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी भरपूर ओतून क्षार खाली वाहू द्या. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी रोज घालू नका. त्यात क्षार एकवटलेले असतात. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं, पण त्याच दिवशी.

दर तीन आठवड्यांनी कुंडीत दोन मुठी कंपोस्ट मिसळा. त्याहून जास्त काही लागत नाही.

मिरचीची पानं मुरडली की सगळेच त्याला 'चुरडा-मुरडा' म्हणतात, पण पान नीट बघा. कडा वर वळल्या तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, जेमतेम दिसणारी बारीक कीड). दोन्हीला पानांच्या खालच्या बाजूने निंबोळी तेल मारायचं : एक लिटर कोमट पाणी, पाच मिलिलिटर तेल, चार-पाच थेंब भांड्यांचा द्रव साबण. ऊन उतरल्यावर, आठ दिवसांच्या अंतराने तीन वेळा. पानं बारीक, गुच्छासारखी होऊन झाड खुजं राहिलं तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्यावर औषध नाही, झाड उपटून कचरागाडीत द्या, कंपोस्टमध्ये नको. मेथीवर मावा आला तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशने पुसून काढा.

गावाला जाताना

मे महिन्यात दहा दिवस घर बंद राहणार असेल, तर सगळ्या कुंड्या उन्हातून काढून भिंतीलगत एकमेकींना चिकटवून ठेवा. मधोमध पाण्याची भरलेली बादली थोड्या उंचीवर, आणि तिच्यातून प्रत्येक कुंडीत जुन्या सुती साडीची पीळ दिलेली पट्टी. पट्टीचं एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं मातीत तीन इंच खोल. जायच्या दोन दिवस आधी लावून बघा, एखादी पट्टी पाणी ओढत नसेल तर जाड करा. चार-पाच दिवस असं निभतं, पुढे कोणाला तरी किल्ली द्यावीच लागते. शेजारच्या काकूंना बादली भरायला सांगाल तेव्हा मिरच्याही तोडून न्यायला सांगा. पिकून लाल झालेल्या मिरच्या झाडावर राहिल्या की नवीन फुलं येणं थांबतं.